तायाना ३७: जुनी बोट घेऊन तिच्यावरच राहायला जायचं आहे, काय काय बघून घेऊ?

खाडीकाठचा

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं व्हर्जिनियात चेसापीक खाडीच्या काठाला राहतो. लेक नोकरीला लागून दुसऱ्या गावी गेली. गेली आठ वर्षं रात्री जेवताना ज्या गोष्टीबद्दल आम्ही नुसतं बोलत होतो, ती करायची वेळ आता आली आहे असं दोघांनाही वाटतंय. घर विकायचं आणि शिडाच्या बोटीवर राहायला जायचं. पहिली दोन वर्षं माझी नोकरी सांभाळून इथल्याच मरिनात, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या बंदरात, मग बर्म्युडा, तिथून खाली कॅरिबियन बेटं, आणि अंगात बळ राहिलं तर पनामा ओलांडून पुढे.

सध्या आमची २५ फुटी बोट आहे. खाडीत तिच्यावर भरपूर फिरलोय. खुल्या समुद्राचा अनुभव मात्र एकदाच, मित्राच्या बोटीवर खलाशी म्हणून.

डेल्टाव्हिलच्या एका यार्डात टेकूंवर उभी असलेली १९८२ची तायाना ३७ पाहिली आणि दोघंही तिच्यात अडकलो. रॉबर्ट पेरी यांचा आराखडा, तैवानची बांधणी. अंगाची लांबी ३६ फूट ८ इंच, रुंदी साडेअकरा फूट, पाण्याखाली ५ फूट ८ इंच, वजन दहा टनांच्या वर. पुढूनही निमुळती आणि मागूनही. लांब कील (बोटीच्या बुडाचा खोल कणा), सुकाणू कीललाच मागे टांगलेलं. कटर, म्हणजे डोलकाठीच्या पुढे दोन शिडं. आत सगळं सागवान. इंजिन पर्किन्स ४-१०८ डिझेल. मालक ६२ हजार डॉलर मागतायत. ते वयस्कर आहेत, बोट चार वर्षं पाण्यात उतरलेली नाही.

सर्व्हे, म्हणजे जाणकाराकडून बोटीची तपासणी, करून घेणार आहेच. पण सर्व्हेअरला काय विचारायचं, तो जे बघणार नाही ते आपण कसं बघायचं, आणि मुळात ही बोट राहायला बरी की नुसती बघायला, हे इथल्या अनुभवी लोकांकडून ऐकायचं आहे.

चीफसाहेब रत्नागिरी

मी ३१ वर्षं व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली. शिडाच्या बोटीतलं मला फार कळत नाही, डिझेलचं कळतं, तेवढंच बोलतो.

यार्डवाल्याला आधी निरोप द्या की मी येईपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही. पोचल्यावर पहिलं काम, इंजिनावर हात ठेवा. कोमट लागलं तर कुणीतरी आधीच गरम करून ठेवलंय, परत दुसऱ्या दिवशी या. डिझेलची खरी तब्येत इंजिन थंड असताना सुरू करतानाच कळते.

मग धूर बघा. सुरुवातीला थोडा पांढरा आला तर घाबरू नका, पण तो पाच-दहा मिनिटांत गेला पाहिजे. जात नसेल तर डिझेल नीट जळत नाहीये किंवा आत पाणी शिरतंय. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. काळा म्हणजे इंजिनावर झेपेल त्याहून जास्त भार किंवा हवा कमी. जमिनीवर बादलीतलं पाणी देऊन चालवलेल्या इंजिनावर विश्वास ठेवू नका. बोट पाण्यात उतरवा, गिअर टाका, पूर्ण भारावर निदान अर्धा तास पळवा आणि तापमानाच्या काट्यावरून नजर हलवू नका.

४-१०८ हे जुनं, सोशिक इंजिन आहे. सुटे भाग अजून मिळतात. मागच्या सीलमधून तेल गळणं हा त्याचा जगभर माहीत असलेला गुण आहे, त्यापायी बोट सोडू नका. एक्झॉस्टमध्ये जिथे समुद्राचं पाणी मिसळतं तो कोपर मात्र काढून आत बघाच. तो आतून मिठाने आणि काजळीने चोंदतो, आणि गंजून भोक पडलं तर पाणी उलटं सिलिंडरमध्ये जातं. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा, खर्च किरकोळ असतो.

चार वर्षं उभं असलेलं इंजिन हे चार वर्षं चाललेल्या इंजिनापेक्षा जास्त काळजीचं.

फाल्मथकर

खाडीकाठचे दादा, तुमचं लिहिणं वाचून आमचं सहा वर्षांपूर्वीचं घर आठवलं. आम्ही दोघं कॉर्नवॉलमध्ये रस्टलर ३६वर राहतो. तीही लांब कीलची, १९८०च्या दशकातली. त्यामुळे तुमच्या बोटीची चुलत बहीण म्हणा. थोडं लांबेल, पण जे आम्ही पैसे घालवून शिकलो ते सांगते.

जुन्या बोटीत समुद्राच्या पाण्यापेक्षा पावसाचं पाणी जास्त नुकसान करतं. समुद्राचं पाणी खालून येतं, बिल्जमध्ये (बोटीच्या तळात) साठतं, दिसतं, पंपाने निघतं. पावसाचं पाणी वरून, एका स्क्रूच्या बाजूने, थेंबाथेंबाने येतं आणि जिथे आपला हात पोचत नाही तिथे वर्षानुवर्षं बसतं.

तायानाच्या डेकची रचना समजून घ्या. वर फायबरग्लासचा थर, खाली फायबरग्लासचा थर, मधे बाल्सा लाकडाचे उभे ठोकळे. त्यावर सागाच्या पट्ट्या, आणि त्या पट्ट्या शेकडो स्क्रूंनी वरच्या थरात घट्ट केलेल्या. म्हणजे शेकडो भोकं. पट्ट्यांमधला काळा रबरी मसाला सुकला की प्रत्येक भोक पाणी पितं आणि आतला बाल्सा भिजून शेवटी ओल्या भुश्यासारखा होतो. डेकवर अनवाणी चाला, पायाखाली कुठे लवतंय का बघा. प्लास्टिकच्या हातोडीने टकटक करत जा. चांगल्या जागी आवाज टणक येतो, सडलेल्या जागी बद्द. सर्व्हेअर हेच करतो, वर ओलाव्याचं मीटर लावतो. अख्खा डेक यार्डाकडून नवा करून घ्यायचा झाला तर बोटीच्या किमतीएवढा खर्च सहज होतो. हा एकच दोष असा आहे की ज्यासाठी मी आवडलेली बोट सोडून देईन.

दुसरं, चेनप्लेट. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा खाली ज्या स्टीलच्या पट्ट्यांना अडकतात त्या. स्टेनलेस स्टील न गंजण्याचं कारण त्याच्यावरचा पातळ थर, आणि तो थर टिकायला प्राणवायू लागतो. पट्टी जिथे डेकमधून खाली जाते तिथे ओल असते पण हवा नसते. तिथे स्टेनलेस आतून कुरतडलं जातं. वर आणि खाली चकचकीत, आणि मधल्या इंचभरात भेग. जुन्या बोटींमध्ये हा भाग बहुतेक वेळा कपाटांच्या मागे असतो, म्हणून सर्व्हेअर अहवालात लिहितो, ‘दिसू शकलं नाही.’ ते वाक्य वाचून पुढे जाऊ नका. एक पट्टी बाहेर काढून बघायची परवानगी मालकाकडे मागा.

तारांचं वय विचारा. दहा-पंधरा वर्षं झाली असतील तर त्या बदलायच्याच आहेत असं धरून भाव करा, विमावालेही तेच विचारतील.

तिसरं, टाक्या. अशा अनेक बोटींत डिझेलची टाकी काळ्या लोखंडाची आणि पुढच्या बिछान्याखाली नाळेत बसवलेली असते. शंभर गॅलन डिझेल म्हणजे सव्वातीनशे किलो, तेही बोटीच्या नाकावर. टाकी गळत नसेल तर उत्तम. गळत असेल तर ती बाहेर कशी काढणार, हे टेप घेऊन मोजून बघा.

आणि खोटं बोलणार नाही, बोट सुंदर आहे. मीही अडकले असते.

वारा_उत्तर

थोडा वेगळा सूर लावतो. मी सॅन डिएगोत तीन वर्षं बोटीवर राहिलो, ४० फुटी, १९९० नंतरच्या फ्रेंच बनावटीच्या बोटीवर. ‘ऑफशोअर’ शब्दाची मोहिनी मोठी असते, पण हिशोब करा. पहिली दोन वर्षं तुम्ही मरिनात असणार. पुढेही बोटीवर राहणारी बहुतेक माणसं दहातले नऊ दिवस नांगरावर किंवा धक्क्याला असतात. ते नऊ दिवस तुम्ही अंधाऱ्या सागवानी पेटीत काढणार. माझ्या बोटीत मागे प्रशस्त खोली होती, सगळीकडे खिडक्या, मागच्या पायऱ्यांवरून थेट पाण्यात उतरता यायचं. तायाना मागे निमुळती, म्हणजे मागे सामानाला जागा नाही आणि डिंगी (बरोबरची छोटी होडी) ओढून घ्यायला पायऱ्याही नाहीत.

वेग बघा. तिची पाण्यावरची लांबी ३१ फूट, म्हणजे वरची मर्यादा साडेसात नॉटच्या (तासाला तेवढे सागरी मैल) आसपास, प्रत्यक्षात दिवसाला १२०-१३० मैल. हलक्या वाऱ्यात दहा टनांना ढकलायला इंजिनच लावावं लागेल. आणि लांब कीलची बोट मरिनात मागे घेताना ती सांगाल तिकडे जात नाही, तिला जायचं तिकडे जाते. सगळे शेजारी दोर घेऊन उभे राहतात.

१९७९ची फास्टनेट, वादळात सापडलेली शिडाच्या बोटींची शर्यत, तिचं उदाहरण लोक देतील. ३०३ बोटी निघाल्या, पंधरा स्पर्धक दगावले, आणि सगळ्यात लहान गटात शेवटपर्यंत पोचली ती एकटी काँटेसा ३२. मान्य. पण तेव्हा हवामानाचे अंदाज काय होते आणि आज काय आहेत? वेगाने वादळाच्या वाटेतून बाजूला होणं हीसुद्धा सुरक्षितताच आहे.

फाल्मथकर

वारा_उत्तर, मरिनातल्या राहण्याबद्दल तुमचं सगळं बरोबर आहे, उजेडाबद्दल तर अगदीच. पण काँटेसा ३२ लांब कीलची नाही बरं का, तिचं सुकाणू कीलपासून सुटं आहे. तेव्हा लांब की आखूड एवढ्याच प्रश्नावर गाडी अडकवू नये.

दहावा दिवस मात्र मी मोजते. बिस्केच्या उपसागरात आम्हाला ३० तास खराब हवा लागली. तेव्हा आमच्या बोटीचं जडपण हेच आमचं अंथरूण होतं. ती आपटत नव्हती, डुलत होती. त्यामुळे आळीपाळीने झोप मिळाली, आणि झोप मिळाली म्हणून निर्णय चुकले नाहीत. दोघांच्याच बळावर चालणाऱ्या बोटीत हे फार महत्त्वाचं.

दिवाडीवरून

गोव्यातून लिहितोय. दोन्हीकडे निमुळत्या बोटींचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही.

हा घाट आला नॉर्वेहून. कॉलिन आर्चर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथल्या जहाजांना वाट दाखवणाऱ्या वाटाड्यांसाठी आणि समुद्रात अडकलेल्यांना सोडवणाऱ्या पथकांसाठी अशा बोटी आखल्या. मागून येणारी लाट निमुळत्या पाठीवर दुभंगते, सपाट पाठीवर आदळते, असा त्यामागचा विचार. १९२०च्या दशकात अमेरिकेत विल्यम ॲटकिन यांनी त्यावरून ३२ फुटी ‘एरिक’ आखली. आणि त्या एरिकच्या आराखड्यावरून एक बोट कुठे बांधली गेली? आपल्या मुंबईत, कुलाब्याला. अस्सल सागवानात. तिचं नाव ‘सुहैली’. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तेव्हा मुंबईत ये-जा करणाऱ्या जहाजांवर अधिकारी होते. पुढे १४ जून १९६८ला ते तिला घेऊन फाल्मथहून निघाले आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ला, कुठेही न थांबता एकट्याने जगाला वळसा घालून तिथेच परतले. असं करणारा तो पहिला माणूस, आणि बोट कुलाब्याच्या सुतारांच्या हातची. १९७०च्या दशकात वेस्टसेल ३२, मग तायाना ३७, या सगळ्या त्याच कुळातल्या. खाडीकाठचे, तुमच्या बोटीच्या गोत्रात मुंबई आहे.

आमच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये ‘म्हादेई’ बांधली गेली, २००९ला पाण्यात उतरली. तिच्यावर दिलीप दोंदे यांनी २००९-१०मध्ये चार बंदरं घेत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि २०१२-१३मध्ये अभिलाष टॉमी यांनी मुंबईहून निघून मुंबईपर्यंत, न थांबता. पुढे टॉमींसाठी इथेच सुहैलीची प्रतिकृती ‘तुरिया’ झाली. २०१८मध्ये ‘गोल्डन ग्लोब’ या एकट्याने जगाला वळसा घालण्याच्या शर्यतीत ती दक्षिण हिंदी महासागरात वादळात सापडली, डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीला जबर दुखापत झाली आणि त्यांना सोडवून आणावं लागलं. नंतरच्या शर्यतीत ते रस्टलर ३६वर गेले आणि २०२३मध्ये दुसरे आले. म्हणजे फाल्मथकर ताईंच्याच जातीची बोट.

हे सगळं अभिमानाने सांगतोच, पण एक कामाची गोष्टही आहे. सुहैली सुद्धा गळत होती. कीलच्या जवळच्या सांध्यातून पाणी येत होतं, आणि नॉक्स-जॉन्स्टन यांना भर अटलांटिकमध्ये पाण्याखाली जाऊन त्या फटीत कापूस भरून वरून तांब्याची पट्टी ठोकावी लागली. ते जमलं कारण ती बोट त्यांनी बांधताना पाहिली होती. कुठला सांधा कुठे आहे हे त्यांना डोळे मिटून ठाऊक होतं. आमच्याकडचे जुने मच्छीमार पावसाळ्यात होडी वर काढून शाकारतात तेव्हा एकेक फळी हाताने चाचपतात, त्याचं कारण हेच. जिच्यावर राहणार तिच्या पोटात कुठे काय आहे ते आधी बघून घ्या.

कागदपत्रवाला एनजे

कंटाळवाणी पण गरजेची बाब. तुम्ही अमेरिकन नागरिक आहात की ग्रीनकार्डावर? कोस्ट गार्डकडे बोटीची राष्ट्रीय नोंदणी फक्त नागरिकाच्या नावावर होते. ग्रीनकार्डवाल्याला राज्याची नोंदणी घ्यावी लागते.

बोट आत्ता कोस्ट गार्डकडे नोंदलेली असेल तर तिच्या मालकीचा अधिकृत उतारा मागवा. बोटीवर कर्ज किंवा यार्डाची थकबाकी असेल तर ती मालकाच्या नाही, बोटीच्या मागे लागते आणि बोटीबरोबर तुमच्याकडे येते. चार वर्षं यार्डात उभ्या असलेल्या बोटीबाबत हे आधी तपासा.

ग्रीनकार्ड असेल आणि वर्षाहून जास्त बाहेर राहणार असाल तर निघण्यापूर्वी री-एंट्री परमिट (परत येण्याचा परवाना) काढा. भारतीय पासपोर्टवर जाणार असाल तर प्रत्येक बेटाचा व्हिसा वेगळा बघावा लागतो. फ्रेंच पॉलिनेशियाला शेंगेन व्हिसा चालत नाही, तिथला वेगळा काढावा लागतो.

खाडीकाठची

मी या धाग्यावरची दुसरी निम्मी. नवऱ्याने कीलबद्दल विचारलं, मी राहण्याबद्दल लिहिते, कारण राहायचं मलाही आहे.

यार्डात त्या दिवशी मी दोन तास एकटीच बोटीच्या आत बसले. हे बाहेर मोजमापं घेत होते. मी ओट्याशी उभी राहिले. ओटा इंग्रजी ‘यू’सारखा आहे, तिन्ही बाजूंनी आधार. माझी उंची पाच फूट दोन इंच. एका बाजूला कंबर टेकली की दुसऱ्या बाजूला हात पोचतो. वारा_उत्तर म्हणतात तशा रुंद, उजेडाच्या बोटी आम्ही तीन पाहिल्या. सुंदर होत्या. पण बोट कलल्यावर मी कशाला धरणार हे तिथे कळेना. छताला हात पोचत नव्हता, आणि समोरचा कठडा आठ फुटांवर. इथे अंधार आहे हे खरं. पण अंधाराला पांढरा रंग आणि दिवे हा उपाय आहे, रुंदीला नाही.

शेगडी लोंबती आहे, बोट कलली तरी ती सपाट राहते. गॅसची टाकी बाहेरच्या बंद कप्प्यात, आणि त्या कप्प्याला खालून बाहेर समुद्रात उघडणारं भोक. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर बिल्जमध्ये जाऊन साठतो, म्हणून ते भोक. ते चोंदलेलं होतं, कोळ्याच्या जाळ्यांनी. मी पेन्सिलने मोकळं केलं.

झाकण घट्ट बसणारा कुकर मी लाटांमध्येही चालवेन, उलट पातेल्यापेक्षा तो बरा. तळण मात्र बोट चालू असताना कधीही नाही. फ्रिजवर फार अवलंबून राहायचं नाही असं ठरवलंय. मटकी, मूग, हरभरे, आमसूल, मेतकूट, भाजणी हे आपलं सगळं सामान फ्रिजशिवाय टिकणारं आहे. आणि मोड आलेली मटकी म्हणजे समुद्राच्या मधोमध ताजी भाजीच.

माझी खरी काळजी इथला हिवाळा. बोटीच्या आत दोन माणसांचा श्वास आणि भाताची वाफ, बाहेर बर्फ. गादीखाली पाणी सुटतं असं ऐकलंय. खरं का?

फाल्मथकर

अगदी खरं. गादीखाली हवा खेळती राहील अशी जाळीची चटई टाका, कपाटांच्या दारांना भोकं किंवा वेत. ऊब देताना हवाही बदलली पाहिजे, म्हणून धूर बाहेर सोडणारा डिझेल हीटर चांगला. गॅसची शेगडी उबेसाठी कधीही पेटवू नका, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या जागी लावाच. धक्क्यावरून वीज घेता तो प्लग दर महिन्याला काढून बघा. तो काळा पडला असेल तर आग तिथूनच लागते.

आणि ताई, ते भोक पेन्सिलने मोकळं केलंत ना, तिथेच तुमची तयारी दिसली.

खाडीकाठचा

तीन आठवड्यांनी लिहितोय. सर्व्हे झाला. सर्व्हेअर चांगला भेटला, सकाळी सातला आला आणि संध्याकाळी पाचला गेला.

आधी चांगलं. आधीच्या मालकाने साधारण दहा वर्षांपूर्वी डेकवरचा साग काढून टाकलाय आणि स्क्रूंची भोकं इपॉक्सीने बुजवलीत. आम्हाला हे फोटोंत कळलंच नव्हतं. सर्व्हेअर हातोडी घेऊन अख्ख्या डेकवर गुडघ्यांवर फिरला, मी मागून खडू घेऊन. फक्त डाव्या बाजूला कठड्याच्या एका खांबाखाली दीड-दोन फुटांचा भाग बद्द वाजला. खालचं अंग कोरडं आहे, चारदोन फोड आहेत, काळजीचे नाहीत.

चीफसाहेब, इंजिनाला हात लावला, थंडगार होतं. सुरू व्हायला थोडा वेळ घेतला, पांढरा धूर चार मिनिटांत गेला. पाण्यात उतरवून पूर्ण भारावर ४० मिनिटं पळवलं. तेल गळतं, तुम्ही म्हणालात त्याच ठिकाणी. एक्झॉस्टचा कोपर काढला तर आतलं भोक करंगळीएवढं उरलं होतं.

त्याच चक्करमध्ये खेकड्यांच्या सापळ्यांच्या तीन बोयांवरून गेलो. इथे खाडीत त्यांची रांगोळी असते. आमच्या जुन्या बोटीचं सुकाणू अशा दोरांत दर उन्हाळ्यात अडकतं. या लांब कीलवरून तिन्ही दोर नुसते घसरून मागे गेले. तेवढ्यासाठी मी तिला मागे घेताना होणारा त्रास सोसेन.

आता वाईट. डिझेलची टाकी नाळेत आहे, लोखंडी आहे आणि झिरपते. मोजून पाहिलं, अख्खी बाहेर येणार नाही, आतच कापून तुकड्यांनी काढावी लागेल. आणि चेनप्लेट. अहवालात हुबेहूब ताईंचंच वाक्य आलं, ‘दिसू शकल्या नाहीत.’ मालकांना फोन करून एक पट्टी काढायची परवानगी मागितली. एजंट नाराज झाला. मालक स्वतः मात्र म्हणाले, ‘काढा, मलाही बघायचंय.’ वयाने ऐंशीच्या पुढचे आहेत, काठी टेकत यार्डात आले.

कपाटाची मागची फळी उतरवून उजवीकडची मधली पट्टी काढली. चकचकीत होती. सर्व्हेअरने तिच्यावर लाल रंगाचं द्रावण लावलं, पुसलं, वरून पांढरी पूड फवारली. डेकमधून जाते त्या जागी केसाएवढी लाल रेघ उमटली, म्हणजे तिथे भेग, पट्टीच्या रुंदीच्या एक तृतीयांशापर्यंत. मालक बराच वेळ ती हातात धरून बसले. म्हणाले, ‘हिच्या भरवशावर मी दोनदा बर्म्युडाला गेलो.’ कुणाला दोष द्यावा असं यात काही नाही, चार दशकांचं स्टील आहे.

वारा_उत्तर

ही रेघ माझ्या बोटीतही असू शकली असती, मी कधीच बघितलं नाही. या शनिवारी माझ्या मित्राच्या बोटीवर जाऊन बघतो, ती अजून माझ्या जुन्या मरिनातच आहे. बाकी कीलबद्दलचं माझं मत तसंच आहे, पण तुम्ही दोघांनी जो अभ्यास केलाय तो पाहता बोट कुठलीही घेतलीत तरी नीट राहाल.

भाव काय ठरवताय?

चीफसाहेब रत्नागिरी

एका पट्टीला भेग म्हणजे सगळ्या बदला. कुठली बरी, कुठली वाईट असं निवडत बसू नका. आणि टाकी नवी करताना तेवढीच मोठी परत नाळेत बसवू नका. लहान करा, जमेल तितकी मधोमध आणा, आणि साफ करता येईल असं झाकण ठेवा. जुन्या टाकीचा तळाचा गाळ हलत्या समुद्रात वर येतो आणि फिल्टर चोंदून इंजिन नको त्या वेळी बंद पडतं. जहाजावर काय, बोटीवर काय, नियम तोच.

खाडीकाठचा

भाव ५० हजारांवर ठरला. चेनप्लेट, तारा, टाकी, एक्झॉस्ट, बॅटऱ्या आणि डेकचा तो भाग मिळून आणखी २५ हजार बाजूला ठेवलेत. मजुरी शक्य तिथे आमची. आम्ही दोघंही नागरिक आहोत, त्यामुळे नोंदणी कोस्ट गार्डकडेच होईल. मालकीचा उतारा मागवला, स्वच्छ आहे. विमा कंपनीने तारा बदलल्याची पावती आणि जून ते नोव्हेंबर वादळाच्या मोसमात बोट कुठे ठेवणार याचा लेखी आराखडा मागितला, दोन्ही देतोय.

मालकांनी काल एक जाडजूड वही दिली. १९९१पासूनची. कुठला पंप कधी बदलला, कुठल्या नळीला कुठला क्लॅम्प, डेकवरचा साग काढताना कुठे ओलं सापडलं, सगळं पेन्सिलने काढलेल्या आकृत्यांसह. दिवाडीवरून, तुम्ही म्हणालात ना, पोटात कुठे काय आहे ते बघून घ्या. ते ज्याने बघितलं होतं त्यानेच लिहून ठेवलंय. ते आकडे बाजूला ठेवले तरी या वहीसाठी मी ही बोट घेतली असती.

खाडीकाठची

वहीच्या शेवटच्या पानावर त्यांच्या पत्नीच्या अक्षरात फक्त स्वयंपाकघराचं आहे. कुठल्या कप्प्यात काय ठेवलं की वाजत नाही, वगैरे. त्या आता नाहीत. मी ते पान प्लास्टिकमध्ये घालून ओट्याच्या वर लावणार आहे.

एक विचारायचं राहिलं. लोंबत्या शेगडीवर तीन लिटरचा कुकर बसेल की पाच लिटरचा? वरचा कठडा आणि शेगडी यांत ११ इंच आहेत.

फाल्मथकर

तीनचा घ्या, बुटका आणि रुंद. पाचाचा उंच असतो, शेगडी झुलली की शिटी कठड्याला लागते. आणि शेगडीच्या पकडी कुकरच्या बुडाला दोन्हीकडून घट्ट बसतात का ते दुकानात नाही, बोटीवर नेऊन बघा.

खाडीकाठचा

सोमवारपासून डाव्या बाजूच्या चेनप्लेट काढायला घेतोय. एकेक काढून तपासून फोटो टाकतो.